चौदावा राहिला

वॉरिगल गॅप
गुरुवार, ७ मार्च

प्रिय किरिली,

इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. तुझ्या आईचा खांदा आता दुखत नाही, निदान ती तसं म्हणते. टाकीत पाणी आहे. कांगारूंनी भाजीच्या वाफ्यात रुबार्बखेरीज काही ठेवलेलं नाही, आणि रुबार्ब आपल्या घरात कुणी खात नाही. तू ठीक असशील. असावीस.

पत्र पाहून दचकू नकोस. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि दर रविवारी तुझ्या आईला तुझा फोन येतो तेव्हा मला अंगणात काहीतरी काम निघतं. गेल्या रविवारी तिला म्हटलं, "नेरिडा, माझा एवढा एक निरोप दे." तर म्हणते, "मी पोस्टमन नाही, मर्व्ह. आपले निरोप आपण द्यावेत." म्हणून खऱ्या पोस्टमनला कामाला लावलंय.

काल गोल्फ क्लबात डल्सीने ईस्टरच्या स्पर्धेची यादी भिंतीवर लावली. तीस वर्षं ती ते स्वयंपाकघर आणि बार सांभाळते, पण यादी लावताना माझ्याकडे एवढ्या मुद्दाम न बघता तिने कधी लावली नव्हती. मी चष्मा लावून वाचली. किरिली हॅडो. कॅडी: नाही, ढकलगाडी. म्हणजे काठ्यांची पिशवी उचलायला कुणी नको. मुक्काम: मोटेल.

मोटेल! इथून साडेतीन किलोमीटरवर तुझी स्वतःची खोली आहे. त्या खोलीत मी बियाण्यांची पोती ठेवली आहेत हे खरं, पण ती हलवायला अर्धा तास लागेल. पाच वर्षांनी गावात येणार आणि त्या गळक्या नळांच्या मोटेलात राहणार. लोक काय म्हणायचं ते म्हणतीलच, ते तर आताच म्हणतायत. असो. मी त्याबद्दल काही बोलणार नव्हतो.

बोलायचंय ते खेळाबद्दल. गेली पाच वर्षं तू जिलाँगला समुद्रकाठी खेळतेस. तिथे वारा असतो, पण जमीन तरी शहाण्यासारखी आडवी पडलेली असते. इथला डोंगर तू विसरली असशील, आणि आपला टकल्या डोंगर विसरलेल्यांना माफ करत नाही. तेव्हा बापाचं म्हणून नको, चाळीस वर्षं हा डोंगर चढणाऱ्या एका म्हाताऱ्याचं म्हणून वाच.

पाटीवर लिहिलेल्या अंतरावर विश्वास ठेवू नकोस. झेंड्याभोवतीची हिरवळ दहा मीटर खाली असेल तर अंतरातून दहा मीटर वजा कर, वर असेल तर दहा मिळव. हल्लीच्या पोरांकडे ते दुर्बिणीसारखं यंत्र असतं, पण उताराचा हिशोब करणारं त्याचं बटण स्पर्धेत बंद ठेवावं लागतं. मग ती पोरं पहिला फटका मारायच्या चौथऱ्यावर उभी राहून एकमेकांची तोंडं बघतात. मला फार मजा येते. शिवाय इथे हवा विरळ, चेंडू तुझ्या तिकडच्यापेक्षा पाच-सहा मीटर जास्त जाईल. पहिल्याच होलला, जिथे सगळं गाव पायाखाली दिसतं, तिथे हात शिवशिवतात आणि माणूस जीव खाऊन मारतो. तू मारू नकोस. गवताच्या पट्ट्याच्या डाव्या बाजूला ठेव. उजवीकडचा उतार चेंडू थेट वॉम्बॅटच्या बिळांत नेतो.

खालून वर मारलेला चेंडू जमिनीला लवकर भेटतो आणि मग पळतो. वरून खाली मारलेला सरळ पडतो आणि जागीच बसतो. तिसऱ्याला आणि पाचव्याला हे लक्षात ठेव. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जाणार, खाली असेल तर उजवीकडे. त्याच्याशी भांडायचं नाही, तेवढं सोडून नेम धरायचा. उतारावर उभी असशील तर खांदे उताराच्या रेषेत झुकव. तू लहानपणी उलट करायचीस, डोंगराला मागे ढकलून उभी राहायचीस. तुझ्या स्वभावात आहे ते. माझ्याकडून आलंय, असं तुझी आई आता इथून सांगतेय. ती माझ्या खांद्यावरून वाचतेय, पोस्टमन नसलेली बाई.

सातवा. फुफ्फुसफाड्या. तो चढ चढून वर गेलीस की लगेच मारू नकोस, समोरचा कितीही घाई करो. गाडीचं चाक तपास, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांध, काहीही कर, पण श्वास जागेवर येऊ दे. तिथे जेवढे सामने हरले गेलेत तेवढे वाळूच्या खड्ड्यांत हरले गेले नसतील.

आणि पट, हिरवळीवरचा तो शेवटचा हळुवार फटका. कुठल्याही हिरवळीवर डोळ्यांना काहीही दिसो, चेंडू टकल्याकडून नदीकडेच वळणार. चढ दिसला तरी नदीकडे. चेंडू नेहमी झेंड्याच्या खालच्या अंगाला ठेव. वरच्या अंगाला ठेवलास तर परत आणायला मोटेलातून माणूस बोलवावा लागेल.

पहिल्या नऊ होलांचा नकाशा सोबत जोडलाय. बाकीचे पुढच्या आठवड्यात.

तुझी खोली रिकामी करतोय. उगाच. पोत्यांना उंदीर लागलेत म्हणून.

तुझा,
बाबा


वॉरिगल गॅप
शुक्रवार, १५ मार्च

प्रिय किर,

पत्र पोचलं असेल. उत्तराची अपेक्षा नव्हती, त्यामुळे न आल्याचं काही वाटलं नाही. रोज अकराला मी फाटकाशी असतो, ते बिजागरीला तेल घालायला. पोस्टमनने परवा विचारलं, "मर्व्ह, ही बिजागरी अजून किती तेल पिणार?" या गावात माणसाला स्वतःच्या फाटकाशीही उभं राहता येत नाही.

रविवारी फोनवर तू हसलीस, ते मला वाफ्यापर्यंत ऐकू आलं. आत येऊन विचारलं, कशावर हसत होती? तुझी आई म्हणाली, "नाड्यांवर." म्हणजे वाचतेस. ठीक.

आता पुढचे नऊ.

दहावा तुला आवडायचा. अजून तसाच आहे, फक्त कोपऱ्यावरचं मोठं झाड पाडलंय. आता समितीतले दीडशहाणे म्हणतात, कोपरा कापून सरळ मारा. कापू नकोस. पलीकडे उतार सुरू होतो आणि तिथून दुसरा फटका एक पाय वर, एक पाय खाली ठेवून मारावा लागतो. दोनशे मीटर मारून सपाट जागेवर थांब. या डोंगरावर सपाट जागा मिळणं हेच अर्धं काम.

अकराव्याला सकाळी खेळत असशील तर एक कर आणि दुपारी असशील तर दुसरं. सकाळी गार हवा डोंगरावरून दरीत उतरते, म्हणजे वारा पाठीत. ऊन चढलं की तीच हवा परत वर येते आणि तोंडावर बसते. साडेदहा-अकराच्या सुमारास तो पालटतो. त्या वेळी तिथे असलीस तर देवाचं नाव घे. बाराव्याला काही सांगण्यासारखं नाही, तिथे फक्त माश्या. तेराव्याला हिरवळ तुझ्या डोक्यावर पंचवीस मीटर, तेव्हा दोन नंबर लांब मारणारी काठी घे आणि मागच्या भागावर नेम धर. पुढे पडलेला चेंडू गडगडत तुझ्या पायाशी परत येतो. क्लाइव रेनीला गेल्या वर्षी तसा तीनदा आला. तरी जिंकला, नशीबवान गडी. यंदाही तो आहेच. बहुधा तोच तुझ्यासमोर येईल.

पंधरावा लांब आणि वाकडा. डाव्या उतारावर मार, चेंडू आपोआप मध्यभागी येतो. सोळाव्याला पाय थकलेले असतात आणि थकलेले पाय चेंडू उजवीकडे मारतात, तेव्हा एक नंबर लांब मारणारी काठी घे आणि हळू मार. सतराव्याला हिरवळीच्या मागे सापांचं गवत आहे. चेंडू तिथे गेला तर चेंडू त्यांचा. अठराव्याला सगळे गच्चीत बिअर घेऊन बसलेले असतात. त्यांच्याकडे बघू नकोस.

चौदावा छोटाच आहे. तुला माहीत आहे तो.

मी हल्ली बुधवारी आणि शनिवारी खेळतो, पण गुडघ्यामुळे तेराव्याच्या हिरवळीवरून कुंपणाच्या वाटेने सरळ पंधराव्यावर जातो. माझ्या कागदावर चौदाव्याला सहा फटके लिहितात. चालतं.

आणखी एक सांगायचं तर, परवाच्या सभेत पायरीचा विषय निघाला. म्हणजे मीच काढला. अंतिम सामना हरलेल्याने स्वयंपाकघराच्या पायरीवर उभं राहायचं, कुठल्या फटक्यावर सामना गेला ते आपल्या तोंडाने सांगायचं, आणि ते झाल्याशिवाय जिंकणाऱ्याच्या हातात चषक द्यायचा नाही, हे आपल्या आजोबांच्या वेळेपासून चाललंय. मी म्हटलं, बंद करा आता. आधीच हरलेल्या माणसाला कशाला छळायचं? मग डल्सी ओट्यामागून म्हणाली, "छळ नाही तो, मर्व्ह. त्याचा हक्क आहे. जिंकणाऱ्याला चषक मिळतो, हरणाऱ्याला शेवटचा शब्द." आणि तोंड वर न करता ग्लास पुसत राहिली. ठराव पडला. माझ्या बाजूने एकच हात वर होता, माझा.

या लोकांना काही कळत नाही. मला सगळ्यांचाच वैताग आलाय.

खोली रिकामी झाली आहे. सांगून ठेवतो.

तुझा,
बाबा


वॉरिगल गॅप
रविवार, २४ मार्च

प्रिय किरिली,

तुझं कार्ड बुधवारी आलं. समुद्राचं चित्र, मागे तीन शब्द. "बाबा, चौदावा राहिला."

मला पहिल्यांदा रागच आला. दोन पत्रं, अठरा पानं, हाताने काढलेले नकाशे, आणि उत्तर काय तर तीन शब्द. कार्ड फ्रिजवर लावलं, काढलं, पुन्हा लावलं. तुझी आई म्हणाली, "एकदा काय ते ठरव, चुंबक झिजेल." मी म्हटलं, राहिलाय तर राहिलाय, मुद्दाम वगळला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिचं ते पाहणं माझ्या वाट्याला दहा-बारा वेळाच आलंय, पण एकदाही फुकट गेलेलं नाही.

तेव्हा चौदावा.

गुडघा नाहीये, किर. गुडघा उत्तम आहे. मी पाच वर्षांत त्या चौथऱ्यावर उभा राहिलेलो नाही.

तुला सगळं माहीत आहे, तू तिथे होतीस. तरी मी लिहितो, कारण मी ते कधी मोठ्याने म्हटलेलं नाही. मनातल्या मनातही मी ते नेहमी थोडं बदलून म्हणत आलोय.

अंतिम सामना, दुपारचे तीन. तेरा होल झाले होते, तू एकाने पुढे. क्लाइवचा चेहरा पडलेला. पिशवी माझ्या खांद्यावर. आपल्या मागे क्लबातली पन्नासेक माणसं गवतावर बसलेली, कारण चौदाव्यावरून सगळं दिसतं. पाटीवर एकशे चोपन्न मीटर, हिरवळ पस्तीस मीटर खाली, मागे ओढा. हिशोब सरळ होता. एकशे एकोणीस. तुझी आठ नंबर.

तू म्हणालीस, "आठ दे."

माझ्या तोंडावर वारा लागत होता. मी म्हटलं, वारा समोरून आहे, लांब जाणारी सात घे. तू म्हणालीस, "बाबा, वारा इथे वर आहे. खाली बघा, ओढ्याकाठी कॅरव्हानवाल्यांनी शेगडी पेटवलीय, धूर सरळ वर चाललाय."

मी खाली बघितलंच नाही. हे मी पाच वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून सावकाश लिहितोय. तू बोट दाखवलंस आणि मी त्या बोटाकडेही बघितलं नाही. मला मागच्या पन्नास माणसांची कुजबुज ऐकू येत होती. त्यांना वाऱ्याबद्दल मीच शिकवलंय, त्यातल्या निम्म्यांच्या हातात पहिली काठी मी दिली आहे. त्यांच्यासमोर माझीच पोर मला वारा सांगणार? मी आठ पिशवीत परत सरकवली, सात तुझ्या हातात खुपसली आणि म्हटलं, "चाळीस वर्षं मी हा डोंगर वाचतोय. मार."

तू मारलास. फार सुंदर मारलास. चेंडू हिरवळीवरून पलीकडे गेला, मागच्या दगडावर आपटला आणि ओढ्यात पडला. मग पंधरावा गेला, सोळावा गेला, सतरावा गेला. तू माझ्याशी बोलली नाहीस आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून पिशवी वाहत होतो.

एवढंच असतं तर ते चुकणं होतं. कॅडी चुकतात.

पण नंतर तू बूट काढून हातात घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीकडे निघालीस. तुझी पाळी होती. आणि मी तुझ्याआधी पायरीवर चढलो. हातात ग्लास होता. मी म्हटलं, "काय सांगायचं, मंडळी! मी आठ म्हणत होतो. पोरीने सात ओढली. ऐकत नाही कुणाचं, बापाचंसुद्धा!" लोक हसले. मीही हसलो. तू दारात उभी होतीस, हातात बूट. मी तुझ्याकडे बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं.

तुझी गाडी वळणावरून गेल्याचा आवाज मी आतून ऐकला. मला वाटलं, होईल शांत दोन दिवसांत.

हे पत्र लिहायला बसण्याआधी आणखी एक गोष्ट झाली, तीही सांगतो. काल शनिवारचा खेळ संपला, सहाच्या सुमारास सगळे आत जमले होते, बक्षिसाच्या मटणाची सोडत चालली होती. मी डल्सीला म्हटलं, "मला पायरी पाहिजे." ती म्हणाली, "आज कसला सामना हरलास? तू तर नवव्यालाच घरी जायला निघाला होतास." मी म्हटलं, पाच वर्षांपूर्वीचा. तिने हातातला बिअरच्या पिंपाचा पाना खाली ठेवला आणि घंटा वाजवली.

मी पायरीवर उभा राहिलो. आणि मी सांगितलं. आठ तिने मागितली होती, सात मी दिली. धुराचंही सांगितलं. पायरी तिची होती आणि मी चढलो, हेही सांगितलं.

मला वाटलं, आता गहजब होईल. कुणी थुंकेल, कुणी उठून जाईल. त्याऐवजी क्लाइव घसा खाकरून म्हणाला, "मर्व्ह, अरे मी चार फुटांवर उभा होतो."

मी म्हटलं, काय?

"चौथऱ्यावर. मी सगळं ऐकलं की. ती आठ म्हणाली, तू सात दिलीस."

मागून कुणीतरी म्हणालं, "आम्हीही ऐकलं. तू काही हळू बोलणारा माणूस नाहीस."

मी विचारलं, मग त्या दिवशी हसलात कशाला? क्लाइव म्हणाला, "तुला लाज वाटू नये म्हणून. वाटलं, उद्या तू स्वतःच बोलशील. मग आठवडा गेला. मग वर्ष गेलं. मग विषय काढायलाच विचित्र वाटायला लागलं. तू चौदावा खेळेनास तेव्हा तर आम्ही ठरवूनच टाकलं, त्याला सहा लिहायचे आणि गप्प बसायचं."

म्हणजे बघ! पाच वर्षं मी माझं खोटं सांभाळत होतो आणि सगळा क्लब माझ्यासाठी ते सांभाळत होता. मला इतका संताप आला की पायरीवरून उतरताना मी क्लाइवच्या बुटावर पाय दिला. कुणी एकाने जरी त्या दिवशी "मर्व्ह, खोटं बोलतोस" म्हटलं असतं! पण त्यांना माझी लाज राखायची होती. तुझी कुणी राखली नाही. तू दारात उभी होतीस आणि पन्नास माणसांना खरं माहीत होतं आणि पन्नासही जण माझ्याबरोबर हसले. हे मला काल कळलं. तुला हे पाच वर्षं माहीत आहे, नाही का? तू त्यांचे चेहरे बघितले असशील.

डल्सीने मला कोपऱ्यात बसवलं आणि पुढ्यात चहा ठेवला. म्हणाली, "छान बोललास. पण आम्हाला कशाला सांगितलंस? आम्हाला माहीतच होतं. तिला सांगितलंस का?"

म्हणून हे पत्र.

चौदाव्याचा नकाशा जोडत नाही. तुला त्याची गरज नव्हती आणि नाही.

मी चुकलो, किर. काठी चुकलो, पायरी चुकलो, आणि मग पाच वर्षं गप्प राहून चुकलो. मला वाईट वाटतं. रोज वाटतं, हेही लिहून टाकतो, कारण आता लपवण्यासारखं काय उरलंय.

तुझा,
बाबा


वॉरिगल गॅप
गुड फ्रायडे, सकाळी

किर,

तू काल संध्याकाळी पोचलीस असं कळलं. मला कुणी सांगितलं नाही, मी मोटेलवरून गाडीने गेलो. तीनदा. तुझी गाडी निळी आहे आता. हे पत्र आणि आईने भाजलेले क्रॉसचे बन तुझ्या दाराशी ठेवून मी जाणार आहे, दार वाजवणार नाही. बन गरम आहेत तोवर खा.

पिशवी उचलायला येत नाही. तू ढकलगाडी लिहिली आहेस, ढकलगाडीच असू दे. ती निदान आगाऊपणा करत नाही. मागच्या लोकांत बसून बघितलं तर चालेल का, हे विचारणार होतो. तू नको म्हणालीस तर मी घरी छपराच्या पन्हळीतली पानं काढीन.

क्लाइव किंवा आणखी कुणी तुला हरवलं, तर पायरीवर तू चढ आणि काय बोलायचं ते बोल, माझ्याबद्दलसुद्धा. कुणी मध्ये हसलं तर त्याचं मी बघून घेईन. म्हणजे नाही बघणार. मी गप्प बसेन. तुझ्या आईने हे वाक्य दोनदा वाचलं आणि "बघू" म्हणाली.

तिनेच आज सकाळी कणीक मळता मळता माझ्या मागच्या पत्राचा विषय काढला. म्हणाली, "मर्व्ह, 'मी चुकलो' तू तीन-चार वेळा लिहिलंयस."

मी म्हटलं, मग? हवं होतं ना सगळ्यांना?

"हवंच होतं. पण ती बरोबर होती, असं कुठेच लिहिलेलं नाहीस."

मी म्हटलं, बाई, दोन्ही एकच! मी चुकलो म्हणजे ती बरोबर, एवढंही कळत नाही का? तावातावाने बाहेर गेलो, लाकडं फोडली, परत आलो. ती तशीच मळत होती. म्हणाली, "एकच आहे तर लिहून दाखव. सोपं असेल."

सोपं नाही. मी टेबलाशी अर्धा तास बसलोय. आतापर्यंत दोन कागद फाडले. ज्या माणसाला लोक चाळीस वर्षं वारा विचारायला येतात, त्याच्या हाताला हे जड जातंय, आणि त्याचीच मला चीड येते, तुझी नाही. माझी चूक लिहिताना निदान सगळं माझ्याबद्दलच असतं.

तू खाली बघितलंस. धूर तू बघितलास, मी नाही. तुला माझ्यापेक्षा चांगला डोंगर वाचता येतो, आणि ते त्या दिवशी चौथऱ्यावर मला कळलं होतं, चेंडू मारण्याआधी.

तू बरोबर होतीस. काठीबद्दल बरोबर होतीस. बूट हातात घेऊन, एक शब्द न बोलता या गावातून निघून गेलीस, तेव्हाही तू बरोबर होतीस.

तुझा बाप,
मर्व्ह हॅडो